कल्हईवाल्या काकांवरची फिल्म क्लासमध्ये सगळ्यांनी फाडली, आता नक्की काय बदलू?

घाटावरची:
नमस्कार मंडळी, मी पुण्यात फिल्मचं शिकतेय, दुसरं वर्ष चालू आहे आणि डॉक्युमेंटरीच्या पेपरसाठी बारा मिनिटांची फिल्म केलीय, वाईकडच्या एका कल्हईवाल्या काकांवर. माझं आजोळ तिकडचं, लहानपणी आजीबरोबर पातेली घेऊन त्यांच्याकडे जायचे, तो नवसागराचा पांढरा धूर आणि नाकात जाणारा झणका अजून आठवतो, त्यामुळे विषय निवडताना दुसरं काही डोक्यातच आलं नाही. सहा दिवस शूट केलं, एकटीनंच.

परवा क्लासमध्ये रफ कट, म्हणजे कच्ची जोडणी, दाखवला. संपल्यावर आधी कुणी बोललंच नाही, मग सुरू झालं. व्हॉइसओव्हर दिसतंय तेच परत सांगतोय (मी म्हणतेय "काका आता भांडं तापवतात" आणि पडद्यावर काका भांडं तापवतायत). बासरी लावलीय ती रडकी वाटते. बारा मिनिटांत काकांची स्वतःची चार वाक्यंसुद्धा सलग नाहीत. माझी एक मैत्रीण म्हणाली, ही फिल्म काकांवर नाहीच, तुझ्या लहानपणावर आहे. आणि मग मॅडमनी शांतपणे विचारलं, हा चामड्याचा भाता ते रोज वापरतात का?

नाही वापरत. रोज इलेक्ट्रिक ब्लोअर असतो, निळा, प्लास्टिकचा. फ्रेममध्ये तो अगदीच कसातरी दिसत होता म्हणून मीच त्यांना माळ्यावरचा भाता काढायला लावला. मी खरं सांगितलं तेव्हा वर्गात जी शांतता झाली ती सहन होईना. त्याआधी मी प्रत्येकाला तिथल्या तिथे उत्तरं देत बसले होते, हे असं का केलं, ते तसं का केलं, शेवटी आवाज कापायला लागला आणि बाहेर निघून आले.

दोन प्रश्न आहेत. एक, मी सुरुवात ऑब्झर्वेशनल म्हणून केली, म्हणजे मध्ये न पडता नुसतं बघत राहायचं, नंतर लोकांना कळणार नाही असं वाटून व्हॉइसओव्हर घातला, मग ही नक्की कुठल्या स्टाइलची फिल्म झाली आणि कुठल्या बाजूला नेऊ? दुसरा, असं सगळ्यांसमोर ऐकून घ्यायचं कसं? फायनल कट तीन आठवड्यांनी द्यायचाय.

टाइमलाइनवाला:
दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो सुटल्याशिवाय पहिला सुटणार नाही. मी चौदा वर्षं एडिटिंग करतोय, अजूनही स्क्रीनिंगला वही घेऊन बसतो आणि तोंड उघडत नाही. कोण काय म्हणालं ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, समोर फिल्ममधलं मिनिट लिहायचं, बास. तू समजावून सांगायला लागलीस की समोरचा गप्प होतो आणि जे तुला पुढं ऐकायला मिळालं असतं ते जातं. आणि फिल्म चालू असतानाचंही आठव, कोण मोबाइल बघत होतं, कोण खुर्चीत सरकलं. माझ्या अनुभवात लोक जो उपाय सुचवतात तो बऱ्याचदा लागू पडत नाही, पण ज्या जागेवर बोट ठेवतात तिथं काहीतरी दुखत असतंच. बासरी काढ म्हणाले ना, आधी बघ की बासरीखालचा शॉट तू किती सेकंद ताणलायस.

आता स्टाइलचं. डॉक्युमेंटरीचे अभ्यासक बिल निकोल्स यांचे सहा मोड, म्हणजे डॉक्युमेंटरीचे प्रकार, तुम्हाला शिकवले असतील, एक्सपोझिटरी, पोएटिक, ऑब्झर्वेशनल, पार्टिसिपेटरी, रिफ्लेक्झिव्ह, परफॉर्मेटिव्ह. परीक्षेत ते खण पाडल्यासारखे लिहावे लागतात पण प्रत्यक्षात एका फिल्ममध्ये दोन-तीन मोड सहज नांदतात, त्यात चूक काही नाही. तुझी अडचण मिसळीची नाही. तू न सांगता भाता मांडलास आणि कॅमेरा असा धरलास की जणू तू तिथं नव्हतीसच, ती अडचण आहे. हे १९२२ पासून चालत आलंय. रॉबर्ट फ्लाहर्टीनं 'नॅनूक ऑफ द नॉर्थ' ही डॉक्युमेंटरी केली तेव्हा कॅनडाच्या उत्तरेतले इन्युइट लोक बंदुका वापरत होते, त्यानं त्यांना जुन्या पद्धतीनं भाल्यानं शिकार करायला लावली. इग्लूच्या आत उजेड पुरेना म्हणून अर्धा उघडा इग्लू बांधून घेतला. नॅनूक हे त्या माणसाचं नावही नव्हतं, तो अल्लाकारियालाक. शंभर वर्षं झाली तरी त्या फिल्मबद्दल हाच वाद चालू आहे, तेव्हा तुझ्या मॅडमनी विचारलं ते योग्यच विचारलं.

एक काम कर. व्हॉइसओव्हरचा ट्रॅक म्यूट करून पूर्ण फिल्म बघ. जे चित्रातून कळतंय ते वाक्य उडव. जे चित्रातून कळूच शकत नाही, म्हणजे कथलाचा भाव काय झालाय, महिन्याला किती भांडी येतात, तेवढं ठेव, आणि तेही काकांच्या तोंडून मिळतंय का बघ आधी.

सहज_वाचक:
फिल्मचं नाव काय ठेवलंयस?

घाटावरची:
'विझती भट्टी'.

सहज_वाचक:
मग भाता काढायला लावणं तिथूनच ठरलं होतं.

पेडररोडचा_जुना:
मी सिनेमा बघायला लागलो तेव्हा मुख्य पिक्चरच्या आधी फिल्म्स डिव्हिजनची डॉक्युमेंटरी लागायचीच. सरकारी संस्था, १९४८ची, ऑफिस आमच्या मुंबईत पेडर रोडला होतं. त्यातला बराच माल एका साच्याचा, धरण दिसतंय आणि एक भारदस्त आवाज सांगतोय की हे धरण आहे. आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या कानात डॉक्युमेंटरी म्हणजे तो आवाज असं बसलंय, म्हणून पोरांनी व्हॉइसओव्हर लिहिला की आपोआप "आजच्या यंत्रयुगात" असलं काहीतरी येतं. तुझं पहिलं वाक्य काय आहे ते तपासून बघ, राग मानू नकोस.

पण त्याच संस्थेत १९६७ साली एस. एन. एस. शास्त्रींनी 'आय ॲम ट्वेंटी' केली. स्वातंत्र्याबरोबर जन्मलेली, वीस वर्षांची मुलंमुली देशाबद्दल, स्वतःबद्दल बोलतात, कुणी आशेनं, कुणी सरळ कंटाळून. सरकारी पैशातून झालेली फिल्म आहे ती, आणि तरी माणसं बोलतात. मिळाली तर बघच.

दुसरी, आनंद पटवर्धनांची 'हमारा शहर', १९८५ची, मुंबईतल्या झोपड्या पाडण्यावर. त्यात एक बाई कॅमेरा घेऊन आलेल्यांवरच चिडते, गरिबांची चित्रं काढून नेऊन तुम्ही काय करणार असा तिचा सवाल आहे. कुठल्याही एडिटरला तो भाग कापावासा वाटला असता, पटवर्धनांनी ठेवला. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा खुर्चीत अवघडून बसलो होतो, आजही ती बाई आठवते, तेव्हाचे मंत्रीबिंत्री कुणी आठवत नाहीत. टीका ऐकून घेणं म्हणजे काय, हे मला कुणी विचारलं तर मी तो सीन दाखवीन.

कथील_कोळसा:
एरवी इथं फक्त वाचतो, आज लिहावंसं वाटलं. माझे वडील कल्हईचंच काम करायचे, सोलापूरच्या बाजूला, गावोगाव फिरून. भाता ओढायला आई असायची, ती नसली की मी. सकाळी बसलं की दुपारपर्यंत तोच हात वर खाली, कोळशाची धग तोंडावर, धूर डोळ्यात. आईचा उजवा खांदा शेवटपर्यंत दुखायचा, रात्री झोपताना ती तो उशीवर टेकवायची नाही. घरात ब्लोअर आला त्या दिवशी तिनं त्याला हळदकुंकू लावलं होतं. त्याचाही रंग निळाच होता.

ताई, तुला दोष देत नाही. भाता फोटोत चांगला दिसतो हे मलाही कळतं, मी स्वतः आता मोबाइलवर रील बघतो त्यात सगळीकडे भाताच असतो. पण तुझ्या काकांना ब्लोअर घ्यायला पैसे जमवावे लागले असतील, तो त्यांनी कधी घेतला, कुठून घेतला, हे विचारलंस का? आणि अजून एक, धंदा बुडाला बुडाला म्हणतात, घरची भांडी कमी झाली हे खरंय, घरोघर स्टील आलं, नॉनस्टिक आलं. पण हॉटेलवाले, केटररवाले बिर्याणीचे तांब्याचे हंडे घेऊन येतातच, त्यांना कल्हईशिवाय चालत नाही. लग्नसराईच्या आधी आमच्याकडे रात्री दहापर्यंत भट्टी पेटलेली असायची. काकांकडे कोण येतं ते दाखव.

घाटावरची:
दादा, तुमचं वाचून काल रात्री फुटेज पुन्हा काढलं. केटररचा टेम्पो दोन दिवस आला होता, सात हंडे उतरवले होते, मी ते शूटही केलंय. टेम्पोवर मोठी जाहिरात होती म्हणून वापरलं नाही. ब्लोअरचं विचारलं नव्हतं. विचारते.

बूमधारी:
साउंडवाला बोलतोय. व्हॉइसओव्हर, बासरी यावर सगळे बोलले पण तू सहा दिवसांचा कच्चा ऑडिओ नीट ऐकलास का, म्हणजे फक्त ऐकलास, स्क्रीन बंद करून? अमेरिकन डॉक्युमेंटरीवाले फ्रेडरिक वाइजमन शूटवर स्वतः साउंड रेकॉर्ड करायचे, फिल्ममध्ये ना मुलाखत ना निवेदन, सगळी फिल्म ऐकू आलेल्यावर उभी. तू भाता काढायला सांगितलंस तेव्हा रेकॉर्डर चालू होता का? असेल तर तुझा आवाज त्यात आहे, आणि काकांचं उत्तरही.

दुसरं, १९६०च्या आसपास हलके १६ एमएम कॅमेरे आणि खांद्याला अडकवता येतील असे टेप रेकॉर्डर हाताशी आले आणि माणसं रस्त्यावर चालताबोलता टिपता यायला लागली. त्याच काळात पॅरिसमध्ये झाँ रूश आणि एदगार मोरँ यांनी 'क्रॉनिकल ऑफ अ समर' केली, १९६१ची. ते लोकांना बोलतं करतात, आणि शेवटी त्यातल्याच माणसांना बोलावून शूट केलेलं दाखवतात. काहींना ते खोटं वाटतं, काहींना फारच उघडंनागडं वाटतं, त्यांच्यात जुंपते, आणि ते भांडणसुद्धा फिल्ममध्ये आहे. वाईला जाऊन काकांना कट दाखव. क्लासच्या आधी खरं तर त्यांना दाखवायला हवा होतास.

घाटावरची:
जाऊन आले. जरा मोठं लिहितेय.

आधी ऑडिओ. बूमधारी दादा, आहे. तिसऱ्या दिवशीचा, लॅपल माइक काकांच्या बंडीला होता. मी म्हणतेय, "काका, तो माळ्यावरचा भाता काढता का जरा?" काका म्हणतायत, "ब्लोअर चांगला चालतोय की, कशाला?" मी म्हणतेय, "दिसायला छान दिसेल." मग तीन-चार सेकंद नुसता कोळशाचा तडतड आवाज, आणि काका म्हणतात, "बरं, तुझ्यासाठी काढू." आणि शिडी सरकवल्याचा आवाज. मी हे सगळं कापलं होतं. हेडफोन लावून पाचसहा वेळा ऐकलं.

लॅपटॉप घेऊन रविवारी गेले. काकू, त्यांचा मुलगा आणि शेजारचे दोघे, सगळ्यांनी पडवीत बसून पाहिली. मला वाटलं होतं काका भात्यावरून काही बोलतील. ते पहिल्यांदा बोलले ते भलत्याच गोष्टीवर. म्हणाले, हे उलटं का दाखवलंस? मी धुरात कापसाचा बोळा फिरवण्याचा शॉट शेवटी ठेवलाय, फार सुंदर आलाय म्हणून, आणि भांडं पाण्यात बुडवून चर्र आवाज होतो तो त्याच्या आधी घेतलाय. काका म्हणाले, एकदा पाण्यात गेलं की कथील बसलं, त्यावर कापूस फिरवून काय होणार, बघणारा म्हणेल याला काम येत नाही. क्लासमध्ये एवढे जण होते, हे कुणालाच दिसलं नव्हतं. मलाही नव्हतं, सहा दिवस समोर बसून.

भात्याचं काकूंनी काढलं. म्हणाल्या, लोकांना वाटेल आमच्याकडे अजून ब्लोअर नाही. तो त्यांनी भिशीच्या पैशातून घेतलाय, काका तेव्हा नको म्हणत होते. हे त्या सांगत होत्या तेव्हा मी वही काढली आणि एकदाही मध्ये बोलले नाही. बासरी मात्र काकांना आवडली. तीही लिहून घेतली.

आता असं ठरवलंय की माझा व्हॉइसओव्हर पूर्ण जाणार. भाता राहणार, पण त्याच्या आधी तो तिसऱ्या दिवशीचा आवाज राहणार, माझ्या वाक्यासकट. बोळा आणि पाणी यांचा क्रम सरळ केला, शेवट आता पाण्याच्या चर्र आवाजावर होतो. केटररचा टेम्पो आत आला. काकूंचं भिशीचं बोलणं रविवारी रेकॉर्ड केलेलं नाही, पुढच्या शनिवारी परत जातेय, त्यांनी हो म्हटलंय. नाव अजून सुचत नाहीये, 'विझती भट्टी' काढून टाकलंय. मॅडमना मेल करून सांगितलं, त्यांनी म्हटलं सोमवारी कट घेऊन ये, बसू.

बूमधारी दादा, एक अडलंय. ब्लोअरचा सतत घर्र आवाज काकूंच्या बोलण्यावर येणार, त्या भट्टीपाशीच बसून बोलतात, लांब बसवलं की गप्प होतात. लॅपल लावू की बूम, दांडीवरचा माइक, जवळ नेऊ?

बूमधारी:
लॅपल लाव, पदराच्या आत नको, चोळीच्या काठाला बाहेरून, नाहीतर कापड घासतं. आणि कुणी बोलत नसताना नुसत्या ब्लोअरचा दोन मिनिटं आवाज वेगळा घेऊन ठेव, कट जोडायला लागेल. घर्र पूर्ण घालवू नकोस. त्यांनी विकत घेतलाय तो.