टेस्लाने पेटंटं खुली का केली?

मकरपुऱ्याचा वाइंडर: आमचं वडोदऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, मोटर वाइंडिंगचं छोटं युनिट आहे. इलेक्ट्रिक गाड्या बनवणाऱ्या टेस्लाने जून २०१४ मध्ये आपली पेटंटं इतरांना वापरायला खुली केली. एवढा खर्च करून कुणी फुकट का देईल?

दांडिया बाजारची ताई: दादा, फुकट कसलं! इलेक्ट्रिक गाड्या वाढल्या की चार्जर वाढतात, सुटे भाग स्वस्त होतात. शिवाय अट ‘सद्हेतूने’ वापरण्याची आहे. त्यांच्यावरच पेटंटचा दावा लावलात, की सवलत गेली.

मांजलपूरचे काका: टोयोटानेही २०१९ मध्ये हायब्रिडची सुमारे २४,००० पेटंटं २०३० पर्यंत खुली केली. तांत्रिक मदत मात्र पैसे घेऊन.

मकरपुऱ्याचा वाइंडर: काका, हे पटलं. मोटरच्या कॉइलला तारेचे किती वेढे, तो आकडा मीही कुणालाही सांगतो. पण कॉइल बसवताना स्लॉटमधला, म्हणजे खाचेतला, इन्सुलेशनचा कागद फाटू न देणं शिकायला आमच्या पोराला दोन वर्षं लागली.