मदत हवी आहे: बदामीच्या कातळावर पहिल्यांदाच, नागपूरहून दोघे

डिसेंबरात आम्ही नवरा-बायको नागपूरहून बदामी-हंपीला जातोय. लेणी, देवळं आहेतच, पण दोन दिवस क्लाइंबिंगला ठेवलेत. दोघंही कृत्रिम भिंतीवर पाच-सहा वेळा चढलोय, खऱ्या कातळावर कधीच नाही. गाईड ठरवतोय, साहित्य त्याचंच. आधी हंपी की बदामी? बूट विकत घ्यावेत का? माझं वजन ८४ किलो, तिचं ५२. ती मला बिले देऊ (खालून सुरक्षेचा दोर सांभाळू) शकेल?

कातळखूण: आधी बदामी. तिथला लाल वालुकाश्म थरांचा आहे, त्यामुळे आडव्या कडा हाताला लागतात, आणि बोल्ट मारलेले रूट (चढाईचे ठरलेले मार्ग) आहेत. हंपीचा ग्रॅनाइट गोलसर आणि खरखरीत, तिथे मुख्यतः बोल्डरिंग, म्हणजे दोराशिवाय बुटक्या शिळांवर चढणं. पहिल्याच दिवशी त्याने बोटांची कातडी सोलली की पुढचे दिवस हात चोळत बसाल.

वालुकाश्माचं एक पथ्य आहे. अवकाळी पाऊस झाला तर किमान एक-दोन दिवस चढू नका. वरून कोरडा दिसला तरी दगड आत ओला असतो, आणि ओला वालुकाश्म कमकुवत होतो. पकड तुटून हातात येते. आणि लेण्यांचा परिसर संरक्षित आहे, तिथल्या भिंतीला हात लावायचा नाही. जवळपास आग्यामोहोळ दिसलं तर तो रूट सोडा, वाद नको.

दोरगाठ: वजनाचा प्रश्न नीट विचारलात. टॉप-रोपवर (दोर आधीच वरून ओवलेला असताना) ती बिले देऊ शकते, पण तिला मागे नांगर हवा. तुम्ही सुटलात किंवा खाली येताना रोपवर बसलात की ती जमिनीवरून उचलली जाते, पुढे ओढली जाऊन भिंतीवर आपटते आणि घाबरून हात सोडते. खरा धोका हात सुटण्याचा. म्हणून तिच्या हार्नेसपासून (कमर-मांड्यांच्या पट्ट्यापासून) मागच्या झाडाला किंवा भक्कम दगडाला स्लिंग (मजबूत पट्टी) बांधायची, ढील जवळपास शून्य, आणि दगड, ती, रोप एका सरळ रेषेत. ग्रिग्रीने (झटका बसला की दोर पकडणारं बिलेचं साधन) ब्रेकला मदत होते, उचललं जाणं थांबत नाही, आणि ब्रेकचा हात तरीही रोपवरून हलवायचा नाही. लीडवर (दोर खालून वर नेत चढताना) मात्र तिला बिलेला उभं करू नका, ते गाईडकडेच.

दुसरं, रोपच्या मोकळ्या टोकाला गाठ मारलीय का, ते प्रत्येक वेळी बघा. ६० मीटरचा रोप म्हणजे रूट फार तर ३० मीटर. रूट त्याहून उंच असला तर खाली सोडताना टोक बिले-डिव्हाइसमधून सुळकन निघून जातं.

साधी_चौकशी: बूट भाड्यानेच घ्या. मोज्यांशिवाय घालून बघा: अंगठा पुढे टेकला पाहिजे, बोटं दुमडून कळ यायला नको. नखं आदल्या दिवशी कापा. अंगठ्या, बांगड्या, मंगळसूत्र काढून ठेवा, वहिनींनी जोडवीसुद्धा. तंग बुटात जोडवी बोटात रुततात, ही गोष्ट कुणी सांगत नाही.

गाईडला हार्नेसवर शिवलेलं निर्मितीचं साल दाखवायला सांगा. दहा वर्षांवरचा नको.

विचारणारा: आभार. दोर हार्नेसला बांधायची फिगर ऑफ एटची गाठ बरोबर बसली, हे ओळखायचं कसं?

दोरगाठ: दोर पिळलेला नको, सरळ मांडायचा. मग मोजायचं: शेजारी-शेजारी धावणाऱ्या पाच जोड्या दिसल्या पाहिजेत. शेपूट किमान १० सेंटीमीटर. रोप हार्नेसच्या कमरेच्या आणि पायांच्या, दोन्ही टाय-इन पॉइंटमधून गेला पाहिजे. बिले-लूपमध्ये (हार्नेसच्या पुढच्या शिवलेल्या कडीत) बांधायचा नाही. कॅराबिनरचा (जोडणीच्या धातूच्या कडीचा) स्क्रू बंद आहे का, हे नजरेने नाही, अंगठ्याने दाबून बघा. दोन मीटर दोर घ्या आणि निघायच्या आधी रोज दहा वेळा बांधा, शेवटी डोळे मिटून.