ए-बी विंग (फक्त कामाचे मेसेज)

रविवार, १७ ऑगस्ट २०२५

साने बी-५०४: काल रात्री ११ वाजता ज्यांनी या ग्रुपवर ‘लुथ्रा गेला बिचारा, आशुतोष राणाला फुकट घालवला’ असं लिहिलं, त्यांना साष्टांग नमस्कार. आमची ‘वॉर २’ची तिकिटं आज संध्याकाळी ६ ची आहेत. शुक्रवारी घरी पाहुणे होते म्हणून तुमच्याबरोबर येता आलं नाही, त्याची ही शिक्षा का?

पाटील ए-१०२: अहो साने, तो फार लवकर जातो. त्याला काय स्पॉयलर म्हणायचं

साने बी-५०४: आता वेळही कळली. आभारी आहे.

पाटील ए-१०२: बरं, यापुढचं काही नाही सांगत. रघू म्हणजे कोण हे तर मुळीच नाही सांगणार

साने बी-५०४: पाटील!!!

ओंकार ए-६०२: 😂😂

देशपांडे ए-३०१: सर्वांना सुप्रभात. शुक्रवार दि. १५ रोजीच्या सामूहिक शोचा हिशोब अद्याप ग्रुपवर आलेला नाही. ३४ तिकिटे प्रत्येकी ३२० रु., अधिक खाण्याची कूपने. संबंधितांनी तपशील टाकावा ही विनंती. 🙏

मंजिरी बी-२०३: टाकते काका. कालच्या हंडीची खापरं अजून क्लबहाऊसमध्ये पडलीत, ती आधी भरून घेते. मदतीला कोणी खाली येणार असेल तर स्वागत आहे.

(बराच वेळ कोणी काही लिहीत नाही.)

नीता काकू ए-२०४: ज्यांना आवडला नाही त्यांचं त्यांच्यापाशी. मला हृतिक आवडला. ५१ वर्षांचा आहे म्हणे. आमच्याकडे ५१ व्या वर्षी दुसऱ्या मजल्यापर्यंत दोनदा थांबायचे.

नीता काकूंचे मिस्टर ए-२०४: मी पण आहे या ग्रुपवर.

नीता काकू ए-२०४: माहीत आहे.

कर्वे काका बी-३०४: आम्ही १९६७ साली ‘फर्ज’ पाहिलेली माणसं. जीतेंद्र, एजंट ११६. पांढरे बूट घालून नाचायचा आणि मधल्या वेळात हेरगिरी करायचा. पुढच्याच वर्षी धर्मेंद्रचा ‘आंखें’ आला. आणि बरं का, रॉ ची स्थापनासुद्धा १९६८ चीच! म्हणजे पडद्यावर हेर आधी आले, सरकारदरबारी नंतर.

बापट ए-४०३: रॉ नंतर, पण आयबी होतं की. इंग्रजांच्या काळापासून. अर्धवट माहिती पसरवू नये.

कर्वे काका बी-३०४: बापट, मी गमतीने लिहिलं होतं. तुम्हाला गंमत कळावी म्हणून यापुढे बाजूला कंसात ‘गंमत’ असं लिहीन.

पाटील ए-१०२: काका एक नंबर 👏

ओंकार ए-६०२: मी जरा सविस्तर लिहितो, आवडला नाही हे नुसतं म्हणून उपयोग नाही. २०१९ चा ‘वॉर’ चालला कारण अर्ध्या सिनेमात कळतच नव्हतं की हृतिकचा कबीर फुटलाय की नाही, आणि खालिदचं गुपित उघडं झालं तेव्हा खरोखर धक्का बसला. ‘पठाण’मध्ये जॉन अब्राहमचा खलनायक, जिम. त्याच्या बायकोच्या बाबतीत जे झालं ते ऐकल्यावर त्याचा राग पटतो. खलनायकाचं म्हणणं क्षणभर खरं वाटलं की हेरपट रंगतो. इथे काय आहे? ते कली कार्टेल. त्यांना काय हवंय हे तीन तासांत मला समजलं नाही. आणि समोरासमोर दोन मोठे हिरो, दोघांचेही चाहते सांभाळायचे, म्हणजे कोणालाच नीट हरवता येत नाही आणि कोणालाच नीट वाईट दाखवता येत नाही. मग उरतं काय, तर गाड्या, बोटी, विमानं आणि शेवटी ती बर्फाची गुहा.

साने बी-५०४: ओंकार, तूसुद्धा? बर्फाची गुहा?

ओंकार ए-६०२: काका ती ट्रेलरमध्ये आहे!

साने बी-५०४: मी ट्रेलर बघत नाही. मुद्दाम बघत नाही.

श्रीनिवास बी-१०१: ओंकारभाऊ, एक मिनिट. तारकवर, म्हणजे आमच्या ज्युनियर एनटीआरवर, अन्याय होतोय. हिंदीत त्याचा हा पहिलाच सरळ सिनेमा, आणि हिंदी डायलॉग स्वतः म्हटलेत, कोणाचा आवाज उसना नाही. आमच्या सोलापुरात पूर्व भागात एनटीआरचा सिनेमा म्हणजे सण असतो. घरी तेलुगू, दारात मराठी, टॉकीजमध्ये दोन्ही. मला तर त्याचा विक्रम कबीरपेक्षा जास्त माणसासारखा वाटला. चिडतो, दुखावतो. कबीर नुसता केस उडवत चालतो.

नीता काकू ए-२०४: चालू दे की केस उडवत. त्याच्यासाठीच गेलो होतो.

पाटील ए-१०२: श्रीनिवास, डोळे त्याचे चांगले आहेत पण नाचात हृतिकच भारी

श्रीनिवास बी-१०१: नाचात? ‘नाटू नाटू’ कोण नाचलं साहेब? २०२३ ला ऑस्कर कोणत्या गाण्याला मिळालं?

ओंकार ए-६०२: ऑस्कर गाण्याला होता, नाचाला नव्हता. पण मुद्दा मान्य. म्हणूनच तर राग येतो. देशातले दोन सगळ्यात भारी नाचणारे एका गाण्यात आणले आणि ‘जनाब-ए-आली’ थिएटरच्या बाहेर पडेपर्यंत चालसुद्धा आठवत नाही. पहिल्या भागातलं ‘घुंगरू’ आजही लग्नात वाजतं.

बापट ए-४०३: विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. भाडेकरूंसाठी वेगळा ग्रुप करायचा असं एजीएममध्ये ठरलं होतं. तो झाला का? कोणा एकाबद्दल बोलत नाही. तत्त्व म्हणून विचारतो.

मंजिरी बी-२०३: तत्त्व कळलं. काल पाऊस कोसळत असताना हंडीच्या सगळ्यात खालच्या थराला श्रीनिवास उभा होता. मालक सभासद वरून गॅलरीतून व्हिडिओ काढत होते. हेही तत्त्व म्हणूनच सांगते.

श्रीनिवास बी-१०१: राहू दे ताई. बापटसाहेब, वेगळा ग्रुप केला तर मला त्यात पण घ्या आणि यात पण ठेवा, गंमत इकडेच जास्त आहे. 🙂

सेक्रेटरी शिंदे: हा विषय कमिटीत घेऊ. ग्रुपवर नको.

देशपांडे ए-३०१: पुन्हा एकदा. शुक्रवारच्या शोचा हिशोब अद्याप प्राप्त नाही. सिनेमा चांगला की वाईट हा प्रत्येकाच्या आवडीचा प्रश्न आहे, हिशोब मात्र आवडीचा प्रश्न नाही.

कर्वे काका बी-३०४: सिनेमाबद्दल माझं म्हणणं एवढंच की यात हेरगिरी कुठे आहे? हेराने गर्दीत मिसळून जायचं असतं. हा प्रवेश करतो तर बरोबर लांडगा, समोर तलवारी घेतलेले जपानी लोक. याला ओळखणार नाही कोण! बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार परवडला, तो निदान वेषांतर करायचा.

ओंकार ए-६०२: काका, या मालिकेत हेरगिरी करणारा एकच माणूस होता, गिरीश कर्नाड. ‘एक था टायगर’मध्ये आणि ‘टायगर जिंदा है’मध्ये शेणॉय. खुर्चीत बसून हळू आवाजात बोलायचे आणि वाटायचं, हा माणूस खरंच त्या खात्यात असेल.

कर्वे काका बी-३०४: वा! हे अगदी खरं बोललास. कर्नाडांच्या आवाजातच गुपित होतं.

मंजिरी बी-२०३: मला कियाराबद्दल बोलायचंय. वायुदलात विंग कमांडर, कर्नल लुथ्राची मुलगी. म्हणजे या गोष्टीत सगळ्यात जास्त चिडायचा हक्क तिला. तिच्या बाजूने सिनेमा काढला असता तर मी दुसऱ्यांदा गेले असते. तिला गाणं दिलं, पोहायचे कपडे दिले, आणि राग आवरायला लावला. ‘राझी’ बघा. आलियाला एका माणसाला मारताना बघून आपल्याला घाम फुटला होता.

साने बी-५०४: मुलगी आहे का ती लुथ्राची?

मंजिरी बी-२०३: अरे देवा. सॉरी साने भाऊजी. 🙏

पाटील ए-१०२: आता मला कोणी बोलू नका

नीता काकूंचे मिस्टर ए-२०४: मला एक कळलं नाही. त्यांच्याकडे उपग्रह आहेत, जगात कुठेही असलेला माणूस दोन मिनिटांत सापडतो. आपल्या गेटचा कॅमेरा जुलैपासून बंद आहे. काल माझ्या जागेवर पांढरी गाडी कोणी लावली होती?

पाटील ए-१०२: कबीरला बोलवा

नीता काकूंचे मिस्टर ए-२०४: मी गंभीरपणे विचारतोय. दहीहंडीला आलेल्या पाहुण्यांपैकी कोणाची होती?

सेक्रेटरी शिंदे: कॅमेऱ्याच्या माणसाला फोन केलाय. पाऊस थांबला की येतो म्हणाला.

नीता काकूंचे मिस्टर ए-२०४: म्हणजे ऑक्टोबरात.

बापट ए-४०३: पांढरी गाडी माझ्या मेहुण्याची होती. १० मिनिटं लावली होती.

नीता काकूंचे मिस्टर ए-२०४: साडेतीन तास. सिनेमापेक्षा जास्त.

बापट ए-४०३: बरं, २० मिनिटं. पण विचारायची एक पद्धत असते.

देशपांडे ए-३०१: पुन्हा एकदा. हिशोब.

मंजिरी बी-२०३: घ्या काका. तिकिटं ३४ गुणिले ३२० म्हणजे १०,८८०. कूपनं २० गुणिले १५० म्हणजे ३,०००. एकूण खर्च १३,८८०. जमा झाले १३,२४०. तूट ६४० रुपये, ती मी माझ्या खिशातून भरली. सांस्कृतिक निधीतून एक पैसा घेतलेला नाही. तूट कसली, तर दोन तिकिटांची. नाव लिहिलं होतं, लोक आले नाहीत, पैसेही आले नाहीत. फ्लॅट नंबर ए-३०१.

(इथे सात-आठ जण एकदम ‘टाइप करत आहे’ असे दिसतात. मेसेज एकाचाही येत नाही.)

देशपांडे ए-३०१: चिरंजीवांनी गुरुवारी दुपारीच येणार नसल्याचे कळवले होते असे त्यांचे म्हणणे आहे.

मंजिरी बी-२०३: गुरुवारी रात्री ९ ला. तिकिटं बुधवारी काढली होती.

देशपांडे ए-३०१: दुपारी. त्यांच्याकडे मेसेज आहे. शोधून टाकायला सांगतो. माझा आक्षेप व्यक्तीवर नसून पद्धतीवर आहे, आणि हिशोब मागितल्यामुळेच ही तूट उघडकीस आली हेही लक्षात घ्यावे.

कर्वे काका बी-३०४: (गंमत) खरा स्पॉयलर हा.

बापट ए-४०३: 👍

ओंकार ए-६०२: वातावरण निवळावं म्हणून सांगतो, तुम्ही सगळे नावं संपायच्या आत उठलात. शेवटी बॉबी देओल येतो. पुढच्या ‘अल्फा’ सिनेमाची चाहूल आहे ती, आलिया आणि शर्वरी वाघ.

कर्वे काका बी-३०४: शर्वरी म्हणजे आपल्या मनोहर जोशी सरांची नात. गेल्या वर्षी ‘मुंज्या’त होती. मुलगी हुशार आहे.

श्रीनिवास बी-१०१: आणि मी आज रात्री ‘कुली’ला चाललोय. तोही १४ लाच लागलाय. कोणाला यायचंय? रजनी सरांना पडद्यावर ५० वर्षं झाली परवा.

कर्वे काका बी-३०४: शिवाजीराव गायकवाड. मराठी माणूस आहे तोही.

पाटील ए-१०२: काका तुम्ही सगळ्यांना मराठी करणार. हृतिकचं काही निघतं का बघा

रात्री १०:४०

साने बी-५०४: आलो बघून. १७३ मिनिटं. सासूबाई मध्यंतरानंतर झोपल्या, मुलगा सीटवर उभा राहून शिट्ट्या मारत होता. मला विचाराल तर रघूचा आणि कबीरचा लहानपणीचा भाग चांगला आहे. ती दोन मुलं छान वठलीत. सगळा सिनेमा त्यांच्या भांडणावर उभा करायला हवा होता, पण मोठी झाल्यावर दोघं बोलतच नाहीत, नुसते एकमेकांना फेकतात. लेखकाने इथे पाणी घातलंय. आणि अयान मुखर्जीने ‘वेक अप सिड’ केलाय हे खरंच वाटत नाही. त्यात दोन माणसं मुंबईतल्या एका खोलीत नुसती बसून राहायची तरी बघत राहावंसं वाटायचं.

ओंकार ए-६०२: साने काका, हे मी तीन परिच्छेदांत सांगत होतो ते तुम्ही दोन ओळींत सांगितलंत.

श्रीनिवास बी-१०१: म्हणजे तारकचं पात्र चांगलं होतं हे मान्य ना?

साने बी-५०४: लहानपणीचं.

श्रीनिवास बी-१०१: 😐

नीता काकू ए-२०४: आणि हृतिक?

साने बी-५०४: हृतिक ठीक. केस चांगले होते.

पाटील ए-१०२: मग आता काढू का रे सगळ्यांसाठी रघूवरचा विषय? सगळ्यांचा बघून झालाय ना

जोशी मावशी बी-४०१: नाही हो, आमचं मंगळवारचं आहे. कोण रघू?

साने बी-५०४: पाटील, उत्तर देऊ नका.

मंजिरी बी-२०३: पुढच्या वेळी मराठी बघू या. १२ सप्टेंबरला ‘दशावतार’ येतोय, दिलीप प्रभावळकर आहेत. गणपती विसर्जनानंतरचा दुसरा रविवार. यायचं त्यांनी नावाबरोबर पैसे पाठवायचे. नुसतं नाव धरणार नाही.

कर्वे काका बी-३०४: माझी दोन. पैसे सकाळी पाठवतो, मला ते मोबाईलवरून जमत नाही, खाली येऊन देतो.

नीता काकू ए-२०४: दोन.

नीता काकूंचे मिस्टर ए-२०४: एक. मी घरी थांबतो, गाडीजवळ.

श्रीनिवास बी-१०१: तीन ताई. पाठवले बघा. भाडेकरूंना चालतं ना?

मंजिरी बी-२०३: मिळाले. पहिले पैसे तुमचेच.

देशपांडे ए-३०१: दोन. ६४० बाबत निर्णय झाल्यावर रक्कम पाठवतो.

सेक्रेटरी शिंदे: सूचना. हवामान खात्याने उद्या जोरदार पावसाचा इशारा दिलाय. बेसमेंटमधल्या गाड्या आज रात्रीच वर घ्या. पंप चालू ठेवतोय. ज्यांच्या जागेवर दुसऱ्याची गाडी येईल त्यांनी उद्यापुरतं समजून घ्यावं.

बापट ए-४०३: समजून घेऊच. पण कोणाची गाडी कोणाच्या जागेवर, याची यादी आत्ताच टाका.