25 एचपी, तीन पात्यांचा पंखा, माणसं भरली की बोट उठतच नाही

कोयनाकाठ:
आमची बामणोलीला फायबरची बोट आहे, वासोट्याच्या पायथ्याला पर्यटक सोडायची. 25 एचपीचं फोर स्ट्रोक मशीन बसवलंय. पंखा अॅल्युमिनियमचा, त्यावर 9 7/8 × 13 असं कोरलंय, म्हणजे व्यास आणि पिच इंचांत. एकटा असलो की आरपीएमचा काटा 5300 ला जातो, बोट मजेत पळते. दहाजण बसले की पूर्ण रेस देऊनही 4600 च्या वर जात नाही, नाक वर करून नुसती ढकलत राहते आणि पेट्रोल बदाबदा पिते. पुस्तकात पूर्ण रेसला 5000 ते 6000 लिहिलंय. विकणारा म्हणतो, कोकणात सगळे हाच वापरतात. मोठा घेऊ का? का स्टीलचा?

सांगलीकर_पूरबोट:
चार पात्यांचा बघा. आमच्याकडं 2019 आणि 2021 च्या पुरानंतर हाच विषय निघाला होता. गल्लीबोळातून प्रवाहाविरुद्ध हळू जायचं तर पकड पाहिजे, वेग नको. रिव्हर्सही चांगला धरतो.

जुना_फिटर:
कोयनाकाठ दादा, मोठा नको. पिच उतरवा. 13 म्हणजे घसरण धरली नाही तर एका फेऱ्यात 13 इंच पुढं. तेवढी ओढ दहा माणसं घेऊन तुमच्या मशीनला झेपत नाही. भरल्या जीपनं चौथ्या गिअरात घाट चढल्यासारखं चाललंय. असं कमी आरपीएमवर पूर्ण रेस देऊन रोज चालवलंत तर मशीन तापतं, कार्बन धरतं.

एक इंच पिच कमी केलं की साधारण 150 ते 200 आरपीएम वाढतात. 10 1/2 पिचचा लावा. भरल्या बोटीला 5000 किंवा थोडे वर मिळतील, एकटे असाल तेव्हा 5700-5800. 6000 ची वरची हद्दही ओलांडत नाही. रिकाम्या बोटीचा वेग थोडा जाईल, पण रिकाम्या बोटीला भाडं देतंय कोण?

आणि कोकणाचा दाखला इथं लागू नाही. ते समुद्रसपाटीला चालवतात. तुमचा शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, भरला की पाणी 2163 फुटांवर असतं. दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद जाते, म्हणजे 25 मधले दीडएक घोडे तुमचे हवेनंच खाल्ले. दुकानातल्या तक्त्यात हे नसतं.

सांगलीकर म्हणतात तो चार पात्यांचा वाईट नाही. पण तोच पिच ठेवून पातं वाढवलंत तर आरपीएम आणखी पन्नास-शंभर उतरतील. पुराच्या बोटीला ते चालतं, तुम्हाला नाही.

पैसे घालवण्याआधी दोन गोष्टी बघा. पंख्याच्या वरची आडवी पट्टी बोटीच्या बुडाच्या रेषेत किंवा इंचभर खाली पाहिजे. आणि पंखा उतरवून शाफ्टला जाळ्याची तंगूस गुंडाळलीय का ते बघा. ती आत शिरली की ऑइल सील कापते, मग गिअर ऑइल दुधासारखं पांढरं होतं. उतरवताना मशीन चुकून चालू होऊ नये म्हणून आधी किल स्विचची क्लिप काढा.

माणसं कुठं बसवता? सगळी मागं असतील तर नाक वर जाणारच.

कोयनाकाठ:
मागंच बसतात, पुढं पाणी उडतं म्हणून. पट्टी बुडाच्या रेषेत आहे, तंगूस नाही. पंख्याच्या आतला रबराचा बुश गेला असेल का?

जुना_फिटर:
नाही. बुश घसरला की उलटं होतं, मशीन ओरडतं आणि बोट जागेवर. तुमचा काटा तर खालीच राहतोय. तीन-चार जणांना मधल्या फळीवर घ्या, तेवढ्यानंही फरक दिसेल.

स्टीलचं राहिलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की खोडं नि दगड वर येतात. अॅल्युमिनियमचं पातं वाकतं, मार तिथंच संपतो. स्टील वाकत नाही, मार आत गिअरला जातो. त्या पैशात अॅल्युमिनियमचा 10 1/2 घ्या, आणि 13 चा जुना फेकू नका, बोटीत जास्तीचा ठेवा. नट, वॉशर आणि नवी कॉटर पिनही सोबत असू द्या, पाना तर पाहिजेच.