अनुभव धागा: आपली म्हातारी माणसं आणि त्यांचा एकटेपणा

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेले तर माय ओट्यावर एकटीच. म्हणाली, "सहा लेकरं, पण दिवसभरात 'जेवन व्हयनं का' विचारणारं कोनी नही." तेव्हापासून जीव लागत नाही. तुमच्या घरी काय चाललंय, लिहा. ज्येष्ठांनी स्वतः लिहिलं तर फार बरं.

अमळनेर, सध्या सुरत
आम्ही तिघं भाऊ इकडेच. नानांना दोनदा आणलं. दुसऱ्या मजल्यावरची खोली, आम्ही कामावर, पोरं शाळेत. नाना खिडकीत बसून राहायचे. पंधराव्या दिवशी गाडी धरून गावी परत. तिथं घर रिकामं आहे, पण पारावर चार जण असतात. मागच्या थंडीत ते एक दिवस पारावर दिसले नाहीत, तर शेजारच्या आप्पांनी येऊन कडी वाजवली. नाना तापाने फणफणले होते. मला मुलाला ते दुसऱ्या दिवशी कळलं. अजून खातं ते मनाला.

धुळे, वय ७१
मी भरल्या घरात राहते. सात माणसं आहेत. ताट वेळेवर खोलीत येतं, तक्रार नाही. पण कुणाला माझं काही कामच उरलं नव्हतं. परवा सुनेनं माळ्यावरचं मांडे भाजायचं खापर काढलं, "आई, मांडा हातावर कसा फिरवायचा, दाखवा ना." पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर घेतली, कोपरापर्यंत वाढवत नेली. पहिला मांडा फाटला, हात थरथरत होते. दुसरा नीट खापरावर पडला. त्या रात्री गोळी न घेता झोपले.

शिरपूर
आमची आक्का ७८ वर्षांची. ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत झाली, तेव्हापासून दर मंगळवारी चोपड्याला बहिणीकडे जाते. पैसे आम्हीही दिले असते. पण मागावे लागत नाहीत, हे तिला मोठं वाटतं.

पारोळा
बांधावरून बाबा आणि काका सात वर्षं बोलत नाहीत. आम्हा पोरांचं काही बिघडलं नाही, भोगलं बाबांनीच. आमच्यात श्रावणात कानबाई देवी बसते, तिच्या प्रसादाचे रोट भाऊबंदांनी मिळून खायचे, आणि बाबांच्या पंगतीला सख्खा भाऊ नाही. गेल्या श्रावणात काकांच्या घराकडे तोंड करून बसले होते, घास हातातच. यंदा नागपंचमीच्या आधीच मी काकांकडे जाऊन आलो. "बघू" म्हणाले. काकूनं मात्र निघताना विचारलं, "दादांचे गुडघे कसे आहेत आता?" बाबांना सांगितलं. त्यांनी तीनदा विचारलं, नक्की काय म्हणाली ती.