फिलाडेल्फियाच्या मुलाचे नाव कळले, खुनी नव्हे

मांडवीतीर: फोंडेकरबाब, काल तुम्ही लिहिले, अमेरिकेत फिलाडेल्फियाला 1957च्या फेब्रुवारीत खोक्यात मृत सापडलेल्या मुलाचे नाव 2022मध्ये जाहीर झाले, म्हणजे "आईबापांनीच मारला हे उघड झाले". काय उघड झाले? डीएनए नाते सांगतो. 1953च्या जानेवारीत जन्मलेले ते मूल शेवटी कोणाच्या घरी होते, ते सांगत नाही. त्याची भावंडे आजही हयात आहेत, तुमचे लिहिणे त्यांच्यावर जाते.

फोंडेकर: चार वर्षांचे मूल नाहीसे झाले आणि घरच्यांनी हाक ना बोंब केली. संशयही घ्यायचा नाही?

तिस्कवाला: पोलिसांनी घ्यावा. जवळच मुले सांभाळणाऱ्या एका कुटुंबावर लोकांनी कित्येक वर्षे बोट ठेवले. पुढे एका बाईने "माझ्या आईने ते मूल विकत घेतले होते" असे सांगितले, तेही लोकांनी उचलून धरले. दोन्हींतले एकही सिद्ध झाले नाही.

फोंडेकर: 1998मध्ये थडगे उकरून डीएनए काढलाच होता, मग 24 वर्षे का लागली?

मांडवीतीर: तेव्हा दातातून मायटोकाँड्रियल डीएनए मिळाला. तो आईकडून येतो, एकाच मातृवंशात हजारोंचा सारखा असू शकतो. समोर तुलनेला माणूस असेल तर नाते नाकारता येते, नुसत्या त्यावरून नाव सापडत नाही. 2019मध्ये पुन्हा उकरून नव्या पद्धतीने डीएनएतले लाखो बिंदू वाचले, दूरचे नातलग गाठले आणि वंशावळ जुळवत जन्मदाखल्यापर्यंत पोचले.

डिचोलीची वाचक: थडगे होते म्हणून हे जमले! आपल्याकडे बेवारस प्रेत जाळले की संपले. निदान दंतवैद्याने न भरलेल्या दोन दाढा आणि मांडीच्या हाडाचा तुकडा काढून ठेवा. फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे प्रेत टिकवायच्या द्रावणात, मुळीच नको, त्याने डीएनए तुटतो. कोरडे करून कागदी पाकिटात, मोहोर लावून, थंड जागेत. प्लास्टिकमध्ये ओल धरते, बुरशी येते.

फोंडेकर: विषय त्या मुलाचा आहे, शवागाराचा नव्हे.

डिचोलीची वाचक: विषय हाच आहे! दाढ जपली नाही की पुढे कोणीही उठून कोणाच्याही घराला खुनी म्हणतो, आणि ते खोडायला पुरावाच उरत नाही.

तिस्कवाला: आणि फोंडेकरबाब, तुमच्याच तालुक्यातले आठवा. मुलींचे खून करणारा महानंद नाईक 2009मध्ये पकडला गेला. लग्नाच्या आमिषाने, सोने घालून यायला सांगून मुलींना न्यायचा. मुलगी नाहीशी झाली की "पळाली असेल" म्हणणारे आपणच. त्या तर्काने वाचला कोण?

फोंडेकर: बरे, "उघड झाले" हा शब्द चुकला, मान्य. पण त्या घरातल्या मोठ्यांना विचारायलाच हवे होते, हे मी सोडणार नाही.

मांडवीतीर: विचारू दे. तपास अजून बंद झालेला नाही. पण कालच्या त्या मजकुरातली आडनावे आधी काढा.