मदत हवी आहे: हवाई दलाची अप्रेंटिसशिप संपली, आधी केलेल्यांचं पुढे काय झालं?

नमस्कार मंडळी,

धागा माझ्या धाकट्या भावासाठी काढतेय. आम्ही निफाड तालुक्यातले. दहावीनंतर त्याने मशिनिस्ट ट्रेडचा दोन वर्षांचा आयटीआय केला, मग परीक्षा देऊन नाशिकजवळच्या ओझरला हवाई दलाच्या अप्रेंटिस शाळेत एक वर्ष काढलं. आता प्रमाणपत्र घेऊन चार महिने झाले, घरीच आहे.

तो लागला तेव्हा सगळ्या गावाला वाटलं पोरगा एअरफोर्समध्ये भरती झाला. आईने पेढे वाटले. अप्रेंटिसशिप म्हणजे नोकरी नव्हे, हे आम्हालाच तेव्हा नीट कळलं नव्हतं, तर गावाला काय सांगणार? आता पारावर कुणी भेटलं की विचारतं, "सुट्टीवर आलास का रे?" त्यामुळे तो पारावर जायचाच बंद झालाय. वडील म्हणतात, द्राक्षांची छाटणी तोंडावर आहे, बागेत लक्ष घाल. चूक त्यांचंही नाही, पण पोराचा हात वेगळा आहे हो.

मागच्या आठवड्यात आमच्या फवारणीच्या ब्लोअरच्या पंपातला बुश गेला. दुकानदार म्हणाला पूर्ण पंप बदला. हा पिंपळगावच्या एका लेथवाल्याकडे गेला, त्याच्याच मशिनवर उभा राहून पितळेचा बुश काढला. तीनदा मायक्रोमीटर लावला, चौथ्यांदा बसवला. घरी पंप जोडायच्या आधी पोत्यावर पाने, स्क्रू ड्रायव्हर ओळीने मांडून मोजले, आणि काम झाल्यावर पुन्हा मोजले. वडिलांनी विचारलं, मोजतोस कशाला? म्हणाला, विमानात एक पाना राहिला तर विमान पडू शकतं, सवय लागलीय. वडील काही बोलले नाहीत, पण त्या रात्री त्यांनीच मला सांगितलं, कुणाला तरी विचारून बघ.

मला क्लासची जाहिरात किंवा पदांची यादी नकोय. ज्यांनी हवाई दलात किंवा अशाच ठिकाणी दहा, पंधरा, वीस वर्षांपूर्वी अप्रेंटिसशिप केली, ते आज कुठे आहेत? मधली वर्षं कशी गेली? खरं खरं सांगा.

एक सद्गृहस्थ दोन लाखांत सरकारी कारखान्यात "चिकटवून" द्यायला तयार आहेत. त्याबद्दलही सांगा.

– द्राक्षवेल

कानस:
ताई, शेवटचं आधी. एक रुपया देऊ नका. आमच्या बॅचमधल्या एकाने दिले होते, त्याच्या वडिलांनी बैलजोडी विकली होती. पैसे गेलेच, शिवाय तो एक परीक्षा द्यायचा राहिला, कारण "काम होणारच आहे" म्हणून तो थांबून राहिला होता. मला राग पैशापेक्षा त्या वर्षाचा येतो.

मी स्वतः आज भुसावळच्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये टेक्निशियन आहे. पण अप्रेंटिसशिप ते रेल्वे यात पाच वर्षं गेली. त्यातली चार सातपूर-अंबडला कंत्राटदाराकडे, कधी दोन शिफ्ट सलग. तेव्हा वाटायचं शिकलेलं सगळं वाया गेलं. आज शेडमध्ये बेअरिंग बसवताना नवी मुलं मला बोलावतात, ते त्या शिकण्यामुळेच.

कायद्याचं एवढं लक्षात ठेवा. १९६१ च्या अप्रेंटिसेस अ‍ॅक्टच्या कलम २२ प्रमाणे नोकरी द्यायची की नाही याचं धोरण शिकवणारी संस्थाच ठरवते, तिच्यावर बंधन नाही. म्हणजे तुमच्या भावाला कुणी फसवलेलं नाही, नियमच तसा आहे. पण १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशच्या एसटी महामंडळाच्या खटल्यात सांगितलंय की बाकी सगळं समान असेल तर शिकलेल्या अप्रेंटिसला थेट भरतीच्या उमेदवारापेक्षा प्राधान्य द्यावं, आणि वयात प्रशिक्षणाच्या काळाइतकी सूटही. रेल्वेत लेव्हल १ च्या (सगळ्यात खालच्या पदांच्या) भरतीत २० टक्के जागा अप्रेंटिसशिप केलेल्यांसाठी असतात, पण ती रेल्वेतच केलेली असावी लागते. परीक्षा मात्र द्यावीच लागते. गणिताचा सराव आजपासून सुरू करायला सांगा, मी त्यातच एकदा पडलो होतो.

आणि प्रमाणपत्रावरचं नाव दहावीच्या सर्टिफिकेटशी अक्षर न् अक्षर जुळतंय का ते आजच बघा. माझ्या वडिलांच्या नावात एक वेलांटी चुकली होती, कागदपत्रं तपासताना घाम फुटला.

अंजनेरी:
मी पण मशिनिस्ट. आमच्या गटातल्या सहा जणांशी अजून संपर्क आहे, म्हणून त्यांचं सांगतो. दोघे रेल्वेत. एक ऑर्डनन्स फॅक्टरीत. एक आखातात तेल कंपनीच्या वर्कशॉपमध्ये, दर दोन वर्षांनी येतो. एकाने गावात स्वतःचं लेथ टाकलंय, ट्रॅक्टरची कामं करतो, आणि खरं सांगू, आमच्यात सगळ्यात निवांत तोच आहे. एकाने हे क्षेत्रच सोडलं, विमा विकतो. सातवा मी.

मी थेट दुसऱ्या वर्षाला डिप्लोमा घेतला. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय असला की महाराष्ट्रात ही वाट मिळते, तुमच्या भावाचा तसाच आहे. पहिलं सत्र फार जड गेलं. हात चालायचा, पण इंजिनिअरिंगचं गणित डोक्यावरून जायचं. वर्गात सगळ्यांत मोठा मीच होतो, बाकावर मागे बसायचो. प्रॅक्टिकलला मात्र सर मलाच पुढे करायचे. आज पुण्यात विमानाचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत तपासणी विभागात आहे. ड्रॉइंगवर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा टॉलरन्स (चालणारा फरक) दिसला की मुलं बिचकतात, मी नाही.

ओझरच्या एचएएल या सरकारी विमान कारखान्याबद्दल लोक हमखास विचारतील. मिग-२१ तिथेच बांधली जायची, नंतर सुखोई-३०, आणि २०२५ मध्ये तिथे बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क १ए नेही उड्डाण केलं. त्यामुळे काम आहे. पण तिथल्या ऑपरेटरच्या जाहिराती बऱ्याचदा चार वर्षांच्या मुदतीच्या असतात. अर्ज जरूर करावा, फक्त आईला पुन्हा पेढे वाटायच्या आधी कायम की मुदतीची ते वाचून घ्या. हे मनापासून सांगतोय, कारण आमच्याही घरी तसंच झालं होतं.

निवृत्त सार्जंट:
मी अप्रेंटिस नव्हतो, एअरमन होतो, वीस वर्षं. तरी लिहितो, कारण त्या मुलाचं पारावर न जाणं मनाला लागलं.

१ एप्रिल १९३३ ला कराचीच्या ड्रिघ रोडवर आपल्या हवाई दलाची पहिली तुकडी उभी राहिली, तेव्हा चार वापिटी विमानं आणि १९ हवाई सिपाही होते. अगदी सुरुवातीच्या त्या सिपायांपैकी एक हरजिंदर सिंग. लाहोरला इंजिनिअरिंगला होते, तरी साधे सिपाही म्हणून आले, कारण मेकॅनिक भारतीय असल्याशिवाय हवाई दल आपलं होणार नाही असं त्यांना वाटायचं. तेच पुढे एअर व्हाइस मार्शल आणि मेंटेनन्स कमांडचे प्रमुख झाले. कानपूरला त्यांनी अ‍ॅव्ह्रो हे वाहतुकीचं विमान बांधायला घेतलं, ते १ नोव्हेंबर १९६१ ला उडालं. तिकडे इंग्लंडमध्ये फ्रँक व्हिटलला उंची कमी म्हणून आधी नाकारलं होतं. १९२३ मध्ये हवाई दलात अप्रेंटिस मेकॅनिक म्हणून घेतलं, आणि १९४१ मध्ये त्याच्या जेट इंजिनावर ब्रिटनचं पहिलं जेट विमान उडालं.

सगळे असे होत नाहीत, मला ठाऊक आहे. पण गावात कुणी विचारलं तर त्याने सरळ सांगावं, "हवाई दलात मशिनिस्टचं काम शिकून आलोय." यात खोटं काही नाही आणि कमीपणा तर नाहीच.

एक व्यवहाराची गोष्ट. विमान दुरुस्तीचं डीजीसीएचं (नागरी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचं) लायसन्स काढायचं त्याच्या डोक्यात असेल तर दहावी-आयटीआय पुरत नाही. बारावी विज्ञान किंवा डिप्लोमा लागतो. तेव्हा अंजनेरी म्हणतात ती वाट दोन्हीकडे उपयोगी पडेल.

द्राक्षवेल:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर मी प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. कानसदादा, तुमच्या कंत्राटदाराकडच्या चार वर्षांबद्दल वाचलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे मलाच वेळ लागतोय असं नाही." अंजनेरी, लेथ टाकलेल्या तुमच्या मित्राबद्दल वडिलांनी तीन प्रश्न विचारलेत: मशिन नवं घेतलं की जुनं, जागा स्वतःची की भाड्याची, आणि वीज थ्री फेज मिळायला किती दिवस लागले? त्यांना विचारून सांगाल का?

प्रमाणपत्र तपासलं. आडनावात चूक आहे. तो उद्या सकाळच्या एसटीने ओझरला जातोय. दुरुस्तीसाठी आधार आणि दहावीचं सर्टिफिकेट पुरेल का, की वडिलांचाही काही कागद लागेल? आज रात्री कुणी सांगितलं तर बरं होईल, एसटी पावणेसातची आहे.